बेण्याची कालवं

कोल्हापूरच्या स्टँडवर मालवणची एसटी लागली तेव्हा माझ्या हातात दोन पिशव्या होत्या. एकीत लेकीसाठी जयसिंगपूरचं भडंग आणि गुळाची छोटी ढेप. दुसरीत माझं स्वतःचं ताट, वाटी आणि तांब्या. लेकीच्या घरी जाताना बाप आपलं ताट बरोबर घेऊन जातो, हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. मलाही आता वाटतं. त्या दिवशी मात्र त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आम्ही शिरोळकडचे जैन शेतकरी. ऊस, चार म्हशी, दिवस मावळायच्या आत जेवण आणि अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त, अशी आमची सरळ रेष. माझी एकुलती एक लेक सुनंदा कोल्हापुरात कॉलेजला होती. तिथं मालवणकडचा नीलेश तिला भेटला. घरचा धंदा काय, तर खाडीत कालवं वाढवायची. कालव म्हणजे शिंपल्यातला जीव, आणि तो लोकांनी खायचा. मी सुनंदाला एवढंच म्हणालो, “जा. तुला सोडलं.” या गोष्टीला चार वर्षं झाली. पुढं तिच्याशी बोलायची ती माझी बायको सुलोचना, गोठ्यामागच्या दगडावर बसून, हळू आवाजात. मला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं आणि मीही ऐकू येत नसल्यासारखा वागायचो. गेल्या वर्षी सुलोचना गेली. सुनंदा आली, आईच्या पायाशी बसली, तिसऱ्या दिवशी परत गेली. मी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

त्यानंतर घरात माझ्याशी बोलणारं कुणी राहिलं नाही. म्हशींशी बोलतो, पण म्हशी काही उलट विचारत नाहीत. शेवटी दिवाळी संपल्यावर एक वाक्य पाठ केलं: “झालं गेलं विसर, घरी येत जा.” तेवढं म्हणायला निघालो होतो.

“पावणं, एकटंच?” कंडक्टरनं विचारलं.

“व्हय.”

“मग पिशवी मांडीवर घ्या की, सीट अडवू नका.”

राधानगरीपर्यंत रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. दाजीपूरचं जंगल लागलं आणि बाहेरचं ऊन एकदम हिरवं झालं. फोंडा घाटात आमची गाडी एका ट्रकमागे अडकून बसली. वळणावळणावर ड्रायव्हर असा काही ब्रेक मारी, की पिशवीतलं माझं ताट तांब्यावर आपटून खणखणे आणि पुढचे लोक वळून बघत. घाट उतरल्यावर हवा दमट झाली, आणि कोकणातली माणसं जास्त बोलतात की काय कोण जाणे, कणकवलीला शेजारी येऊन बसलेल्या बाईंनी लगेच चौकशी सुरू केली.

“खंय जातास, बाबानू?” (कुठं निघालात?)

“लेकीकडं. मालवणला.”

“पैल्यांदाच?”

“छे हो, नेहमी जातो,” मी ठोकून दिलं.

“मगे खंय उतरतल्यात? स्टँडार की आदी?”

लेकीचं घर कुठल्या थांब्याजवळ आहे हे मला माहीत नव्हतं. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवीतलं एक केळं माझ्या हातात ठेवलं. खोटं पकडलं गेल्यावर मिळालेलं केळं गिळायला जड जातं. तरी खाल्लं.

मालवणला उतरून नीलेशचं नाव आणि कालवांचा धंदा सांगितला, तशी रिक्षा मिळाली. शहराच्या टोकाला नारळीच्या बागा मागे पडल्या आणि खाडी समोर आली. आमच्या कृष्णेला एक दिशा असते. ती कुठून आली आणि कुठं चालली हे लहान पोरही सांगेल. इथलं पाणी नुसतं थांबलेलं दिसत होतं, जाऊ की येऊ अशा बेतात. पलीकडे तिवरांची झाडं मुळं वर काढून उभी होती. पाण्यावर निळी पिंपं आणि बांबू बांधून केलेले चार-पाच तराफे. आणि घराच्या मागच्या बाजूला, पाण्यावर काढलेल्या लाकडी माचीवर, नवऱ्याचा जुना शर्ट अंगात घालून, कोयतीनं शिंपले खरवडत बसलेली माझी पोरगी.

तिची कोयती थांबली.

“अप्पा,” ती म्हणाली. मग घराकडे तोंड करून ओरडली, “आई, माझे अप्पा इले!” (आले)

ती सासूला आई म्हणते, हे मला कुठून तरी माहीत होतं. ऐकताना मात्र लागलं. स्वतःच्या आईला ती आमच्या सीमेकडच्या रिवाजानं अव्वा म्हणायची. म्हणजे शब्द काही कुणी कुणाचा घेतलेला नव्हता. पण दुःखाला हिशेब कळत नाही.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. “येवा, बसा. पाणी हाडतंय.” (आणते)

मी पिशवीतून माझा तांब्या काढला. सुनंदानं तो पाहिला. चेहऱ्यावर काही न दाखवता ती आत गेली आणि दुसराच तांब्या भरून घेऊन आली. स्टीलचा, नवा, कधी न वापरलेला. त्याच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं: सौ. सुलोचना.

“ताट, दोन वाट्या, पातेलं, सगळं आहे,” ती म्हणाली. “अव्वानं एसटीच्या पार्सलनं पाठवलं होतं, लग्नानंतर दोन महिन्यांनी. म्हणाली, अप्पा कधीतरी येतील, तेव्हा त्यांची अडचण व्हायला नको. इथं त्यात दुसरं काही शिजत नाही.”

ते ताट मी घरी दोनदा शोधलं होतं. सुलोचनाला विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “गेलं असेल कुणाच्या तरी लग्नात.” माझी बायको मला पुरती ओळखून होती आणि मी मात्र तिला ओळखत नव्हतो. मी पाणी प्यालो आणि माझं ताट पिशवीतून बाहेर काढलंच नाही. वाक्य तेव्हाच म्हणायला हवं होतं. पण सासूबाई समोर होत्या, नीलेश होडी बांधून वर येत होता, आणि मी प्रवास कसा झाला ते सांगत बसलो.

दिवस मावळायच्या आत सुनंदानं मला वाढलं: भाकरी, मुगाची आमटी, भोपळ्याची भाजी. बाकी घर नंतर जेवलं. मी ओटीवर एकटा बसून त्यांच्या हसण्या-बोलण्याचा आवाज ऐकत होतो. ती मालवणी बोलताना भरभर बोलते आणि तिचा आवाज वेगळा लागतो. चार वर्षांत माझ्या पोरीला एक आख्खी भाषा आली होती आणि मला पत्ता नव्हता.

सकाळी नीलेश मला होडीतून तराफ्यावर घेऊन गेला. बांबूला दोऱ्या टांगलेल्या, दोरीत रिकामे शिंपले ओवून केलेल्या माळा. पाण्यात तरंगणारं कालवांचं बारीक बी या शिंपल्यांना चिकटतं आणि तिथंच मोठं होतं.

“खाणा घालूचा लागना नाय,” नीलेश सांगत होता. “औषध नाय, खत नाय. पाण्यातलाच खातत, आणि पाणी साफ करतत.”

मी मनात माझ्या उसाची खतं आणि फवारण्या मोजल्या. तो पोरगा मन लावून आणखी बरंच सांगत होता. गाळ, दोरीची उंची, घरामागच्या माचीखालच्या टोपल्या. माझं लक्ष नव्हतं. दोरी वर ओढताना त्याचे हात दिसत होते, शिंपल्यांनी कापलेले, आणि मी विचार करत होतो की या हातांची मला चार वर्षं कसली भीती वाटत होती.

परत आलो तर माचीवर हॉटेलची ऑर्डर चालली होती. सुनंदा आणि तिची सासू कालवं फोडत होत्या. शिंपल्याच्या फटीत कोयती घालून एक पीळ, आणि कट्. पुन्हा पीळ, कट्. मी घरात गेलो, दार लोटलं, णमोकार म्हणत बसलो, तरी तो आवाज येतच होता. त्या दिवशी चतुर्दशी होती. चतुर्दशीला सुलोचना भाजीसुद्धा चिरायची नाही, आदल्या दिवशी ठेवलेली वापरायची.

दहाच्या सुमारास नीलेश आणि सुनंदा मोटरसायकलवरून माल पोचवायला गेले. सासूबाई बाजाराला गेल्या. “दोन तासांत येतो, मग जेवायला बसा,” सुनंदा म्हणाली. घरात मी एकटा. ते तर मला सवयीचंच होतं.

भरती आली होती. माचीपर्यंत पाणी चढलेलं. कडेला बसलो तर खाली दोरीनं टांगलेल्या सहा जाळीच्या टोपल्या दिसल्या, आणि त्यांत कालवं. मोठी, तळहाताएवढी, काळपट, जुनी. मला वाटलं, ही उद्याची ऑर्डर. उद्या सकाळी पुन्हा तो पीळ आणि तो कट्.

आमच्याकडे पूर ओसरला की उसाच्या सरीत मासे अडकून राहतात. डबक्यातलं पाणी आटत जातं आणि ते तडफडतात. सुलोचना आणि मी दरवर्षी बादल्या घेऊन जायचो, मासे उचलायचो आणि कृष्णेत सोडून यायचो. गावातले लोक हसायचे. “पाटील, रस्सा सोडून चाललाय की!” म्हणायचे. पण बादली पाण्यात कलती केली की मासा एक क्षण थांबायचा आणि मग निघून जायचा. त्या वेळी सुलोचनाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

मी पहिल्या टोपलीची गाठ सोडली आणि ती पाण्यात पालथी केली. मग दुसरी. सहाही केल्या. कालवं काही माशांसारखी पळत नाहीत, दगडासारखी खाली गेली. तरी छातीवरचं ओझं उतरलं. वर्षभरात पहिल्यांदा मला सुलोचना जवळ असल्यासारखी वाटली. रिकाम्या टोपल्या जागच्या जागी बांधून ठेवल्या, हातपाय धुतले आणि ठरवलं, सुनंदा आली की आज वाक्य बोलून टाकायचं.

ती आली, गाडीवरून उतरून थेट माचीवर गेली. बहुधा रोजची सवय असावी. तिनं एक दोरी हातानं उचलली, आणि ती हलकी लागली. दुसरी उचलली.

“अप्पा, हितली कालवं कुठं गेली?” मालवणी एकदम गळून पडली होती.

“सोडली,” मी म्हणालो. “चौदस हाय आज. तेवढ्यांचा तरी जीव वाचला.”

मागून आलेल्या सासूबाई बाजाराच्या पिशवीसकट खालीच बसल्या. नीलेशनं पाण्याकडे पाहिलं आणि मग दुसरीकडे.

“ती विकायची नव्हती, अप्पा,” सुनंदा म्हणाली. “ती बेण्याची होती.”

बेणं म्हणजे काय हे उसाच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. घरात खायला नसलं तरी बेण्याला हात लावायचा नाही, हे आमच्या रक्तात आहे. या घरचीही तीच रीत. दर हंगामात सगळ्यांत मोठी, निकोप कालवं निवडून बाजूला काढायची, माचीखाली टांगायची आणि कधीही फोडायची नाहीत. त्यांनी खाडीत बी सोडायचं आणि त्यावर पुढची माळ धरायची. सासूबाईंनी पंधरा वर्षं एकेक निवडून ती जमवली होती. त्या खाडीत ज्यांना कुणीच मारणार नव्हतं, नेमकं त्यांनाच मी जीवदान दिलं होतं.

“खाडीतच हायत की ती,” मी कसंबसं म्हणालो. “जगतील.”

“खाली गाळ हाय! गाळात न्हाईत जगत. तोंड उघडलं की गाळ आत जातोय, गुदमरत्यात. दोरीला टांगल्याली हायत म्हणून जगत्यात ती.” तिचा आवाज चढला. “तुमचं नेहमीचंच हाय, अप्पा. सोडून दिलं की सुटलं, असं वाटतंय तुम्हाला. सोडल्यालं कुठं जाऊन पडतंय, ते बघायला कधी थांबलासा काय?”

मी रिकाम्या टोपल्या एकेक करून सोडवून माचीवर घेतल्या.

आता करण्यासारखं एकच होतं, सुकतीची (ओहोटीची) वाट बघणं. अमावास्या तोंडावर म्हणजे सुकती मोठी, पाणी पार मागे जातं. पण ती संध्याकाळी. तोवर पाच-सहा तास चौघेही नुसते बसून होतो. माझं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं, मी त्याला शिवलो नाही. कुणीच जेवलं नाही. पाणी इतकं सावकाश उतरत होतं, की मला ते हातानं मागे ढकलावंसं वाटत होतं. सुनंदा माझ्यापासून तीन हातांवर बसली होती आणि त्या तीन हातांइतकं लांबचं अंतर मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

उन्हं कलली तेव्हा गाळ उघडा पडला, काळा, चकाकता. नीलेश उतरला, सुनंदा उतरली. मी धोतर वर खोचून त्यांच्यामागे उतरलो.

“तुमी नको, पडशात,” सासूबाई माचीवरून ओरडल्या.

पण चिखल हा माझा विषय आहे. पुरानंतरच्या रानात साठ वर्षं चाललेला माणूस मी. पाय सरळ खाली दाबायचा नाही, तिरपा सरकवायचा. मी मांडीपर्यंत रुतलो, पण पडलो नाही. हात कोपरापर्यंत गाळात घालायचे, चाचपायचं, धारदार काही लागलं की उपसायचं. बोटं कापली. पहिलं कालव हाताला लागलं तेव्हा मी ते शर्टाला पुसून बघितलं. घट्ट मिटलेलं होतं.

“मिटल्याला म्हंजे जित्ता हा,” नीलेश म्हणाला. “घाला टोपलीत.”

वाकलो की खिशातलं सामान खाली येतं, हे भानही राहिलं नाही. केव्हा तरी माझा मोबाईल गाळात गेला. नीलेशनं थोडं चाचपलं.

“ऱ्हवांदे,” तो म्हणाला. “खाडीन् घेतल्यान.”

दोन टोपल्या भरल्या, मग तिसरी. भरतीचं पाणी पुन्हा पावलांशी येऊ लागलं होतं. मी मान वर केली तर सुनंदा माचीवर चढून परत खाली येत होती. हातात तो तांब्या.

“अप्पा, दिवस बुडायला आलाय. सकाळपासून पोटात काय न्हाई तुमच्या. निदान पाणी घ्या.”

माझे हात गाळानं माखलेले. ती जवळ आली आणि तिनं वरून धार धरली. मी तोंड वर करून पाणी प्यालो, लहान पोरानं प्यावं तसा. सूर्य तिवरांच्या आड गेला. मी रडत होतो, पण तोंडावर पाणी होतंच.

चौथी टोपली निम्मीच भरली आणि पाण्यानं आम्हाला बाहेर काढलं. उरलेली खाली राहिली, गाळात. सासूबाईंनी टोपल्या हातानं जोखल्या.

“अर्धा तरी मेळला,” त्या म्हणाल्या. “बी धरतला परत.” मग माझ्या कापलेल्या बोटांना खोबरेल लावून दिलं. मला कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलोचनाच्या ताटात जेवलो आणि निघालो. सुनंदा स्टँडपर्यंत आली. सहा टोपल्यांपैकी चारच माचीखाली टांगल्या होत्या आणि येताना मी त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं. वाक्य माझ्या तोंडात होतं. पण ज्यानं अडीच टोपल्या बेणं मारलं, त्यानं “झालं गेलं विसर” कुठल्या तोंडानं म्हणायचं?

“पोचल्यावर फोन करा,” ती म्हणाली.

“फोन खाडीत हाय.”

“मग कुणाच्या तरी फोनवरनं करा. पण करा.”

एसटी सुटली. घाट चढताना पिशवीतलं माझं ताट पुन्हा तांब्यावर आपटत होतं. दोन दिवसांत ते एकदाही बाहेर निघालं नव्हतं. कोल्हापुरात गाडी बदलली आणि शिरोळला उतरलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. शेजाऱ्यानं म्हशी पिळून ठेवल्या होत्या. कुलूप काढलं. घरात दोन दिवसांचा बंद वास होता आणि कुणी “आलासा काय?” असं विचारलं नाही.

फोन करायचा होता. शेजाऱ्याकडे जाऊन मागावा असं वाटेना. मग आठवलं, कपाटात सुलोचनाचा फोन आहे. वर्षभर मी त्याचं रिचार्ज मारत आलोय, चार्जिंगला लावत आलोय, का ते मला विचारू नका. तो घेऊन गोठ्यामागे गेलो, तिच्या दगडावर बसलो. त्यात एकच नंबर सगळ्यांत वर होता, सुनी. मी तो दाबला. दाबताना दुसरा कुठलाही विचार डोक्यात आला नाही.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

“अव्वा?”

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, तिकडं तिच्या फोनवर कुणाचं नाव उमटलं असेल ते. वर्षभरानं. तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. तो माझ्यासाठी नव्हताच कधी.

“सुने,” मी म्हणालो. “मी हाय. अप्पा. पोचलो बघ.”

पलीकडे माचीखाली आपटणारं पाणी, आणि मग तिचं रडणं, तोंडावर हात धरून रडतात तसं. मला पाठ केलेलं वाक्य आठवेना. जे तोंडाला आलं ते वेगळंच होतं.

“फोन ठेवू नगंस,” मी म्हणालो. “बोलू नगंस पायजे तर. पण ठेवू नगंस.”

“न्हाई ठेवत,” ती म्हणाली.